रुमालाखालचं बोट

सर्व्हर-रूममध्ये शिरताना आधी खाकरायचं, असा सरांचा नियम होता. चप्पल काढली नाही तरी चालायचं, पण दाराबाहेर उभं राहून एकदा घसा साफ करायचा आणि मगच कडी उघडायची. प्राचार्यांनासुद्धा सूट नव्हती. एकदा ते तसेच आत आले आणि नेमकं त्याच वेळी इंटरनेट गेलं. सर त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की प्राचार्य निमूट बाहेर गेले, खाकरले आणि परत आत आले. इंटरनेट आलं. हा योगायोग होता हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. प्राचार्यांना मात्र शेवटपर्यंत माहीत नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते बँकेतही खाकरून शिरायचे.

"मेंढवाड्यात शिरायच्या आधी आवाज द्यावा लागतो," सर सांगायचे. "न्हाईतर मेंढरं बुजत्यात. मग रातभर बसत न्हाईत."

सर चौसाळ्याकडचे. मेंढरं आणि शेळ्या राखणाऱ्या घरात जन्मले, शिकत शिकत इंजिनिअर झाले आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात संगणक केंद्राचे प्रमुख होऊन बसले. मी त्यांचा सहायक. मी घाटनांदूरचा. आमच्या घरी सगळेच कमी बोलतात, मी त्यांच्याहून कमी. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी माझ्या वडलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलगा मुका तर नाही ना. सरांना असाच माणूस हवा होता. त्यांचं बोलणं दोघांना पुरून उरायचं.

हे सगळं मी हसत सांगतोय, कारण सरांची आठवण काढली की आधी हसूच येतं. पण ते केंद्र सरांच्या हातून गेलं. ते कसं गेलं, हे मला एकट्याला माहीत आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तर आमच्या केंद्रात एक जाडजूड सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभे केलेले पन्नासेक संगणक. हात लावायला जाल तर काही नाही, पण प्रत्येकाला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचे नखरे. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मुलांपुढे नुसता पडदा आणि कळफलक, खरं यंत्र आतल्या खोलीत, त्या पोटात. सर याला कळप म्हणायचे आणि कळपातल्या प्रत्येकीला नाव होतं. कबरी, बांडी, गंगी. दुसऱ्यांची मेमरी खाणारी ती चोरटी. नेटवर्क पकडायला आढेवेढे घेणारी ती मुकी. सगळ्यात शेवटी चालू व्हायची ती लंगडी, आणि सर प्रॅक्टिकल सुरू करायच्या आधी भर वर्गात विचारायचे, लंगडी आली का? एकदा पाय मुरगळलेली एक मुलगी नेमकी त्याच वेळी दारात आली आणि रडायला लागली. सरांनी तिची माफी मागितली, तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव निवांत झालं.

नावांची त्यांच्या घरची एक रीत होती. शेळी विण्याआधी तिला पाठ म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे पाठीला स्वतःचं नावच नसायचं. आईच्या नावानं ओळखायची, गंगीची पाठ, कबरीची पाठ. पहिल्यांदा व्याली की मग तिला तिचं नाव मिळायचं आणि त्या दिवशी घरात गुळाचा चहा व्हायचा. सरांनी ही रीत जशीच्या तशी सर्व्हरमध्ये आणली. एका यंत्राच्या नकला काढून दुसरी यंत्रं तयार केली की ते यंत्र व्यालं. मग त्याचं जुनं नाव जाऊन नवीन नाव यायचं आणि कँटीनमधून गुळाचा चहा यायचा. कँटीनवाल्याला वाटायचं, स्टाफमध्ये कोणाच्या तरी घरी बाळ झालंय. तो दर वेळी मुलगा की मुलगी विचारायचा. सर गंभीरपणे सांगायचे, "मुलगीच."

एकदा पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक कार्यशाळा घ्यायला आला. त्यानं पडद्यावर एक चित्र लावलं. डावीकडे गुबगुबीत मांजर, उजवीकडे गाई. त्यांच्या धंद्यात अशी म्हण पडून गेली आहे म्हणाला, की सर्व्हर मांजरासारखे लाडानं पाळायचे नाहीत, गुरांसारखे ठेवायचे. नावं द्यायची नाहीत, नुसते नंबर द्यायचे. एखादं आजारी पडलं की औषधपाणी करत बसायचं नाही, सरळ मारायचं आणि दुसरं उभं करायचं.

सर उठून उभे राहिले. "कावून मारायचं? का म्हून?"

प्रशिक्षकानं परत समजावलं. सरांनी विचारलं, तुम्ही स्वतः कधी गुरं राखलीत का. तो म्हणाला, नाही सर, मी हडपसरला फ्लॅटमध्ये वाढलो, आमच्याकडे मांजर होतं. सगळे हसले, सरही हसले. पण तो पोरगाही काही कमी नव्हता, त्यानं नम्रपणे विचारलं, सर, तुमच्याकडे यंत्रं पन्नास, नावं देणं जमतं. आमच्याकडे हजारोंनी असतात. आम्ही काय करायचं?

"मग त्यो कळप न्हाई," सर म्हणाले. "ती टोळधाड हाय."

तरी त्या पोरानं सरांच्या डोक्यात एक किडा सोडलाच. तोवर आम्ही सगळी यंत्रं हातानं तयार करायचो. परीक्षा आली की बसा एकेका यंत्रावर क्लिक करत, त्यात एखाद्यावर प्रोग्राम चालवायला लागणारा कंपायलर घालायला विसरायचं आणि ऐन पेपरात पोरं बोंबलायची. हे काम आपोआप करणारी साधनं आहेत, फुकट आहेत, ओपन सोर्स आहेत, म्हणजे आतला कोड कोणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा. पण ती एक नाही, ढीगभर आहेत. सरांनी ठरवलं, यांचा बाजार भरवायचा.

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात सर लहानपणी वडलांबरोबर जायचे. तिथं जसं जनावर पारखतात तसं त्यांनी प्रत्येक साधन पारखलं. आधी दात, म्हणजे त्याची माहितीपुस्तिका धड आहे का. मग चाल, म्हणजे एकदा चालवून बघायचं. आणि मग दुसऱ्यांदा चालवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा सगळीच शहाणी असतात, सर म्हणायचे, सगळं झालेलं असताना परत चालवलं तर गप उभं राहतंय का उगाच उचापती करतंय ते बघायचं.

पपेट नावाचं एक साधन होतं. ते प्रत्येक यंत्रात आपला एक छोटा हस्तक बसवतं, आणि तो थोड्या थोड्या वेळानं मुख्य सर्व्हरला विचारत राहतो, मी कसं असावं, मी कसं असावं. आमच्या विभागात एक मॅडम होत्या, प्रोग्रामिंग शिकवायच्या, स्पष्टवक्त्या. त्यांना हे पसंत होतं. शिस्त राहते, म्हणाल्या. सरांना पटेना. दर मेंढीमागं एक सालगडी ठेवायचा म्हटल्यावर गड्यांनाच चारा लागंल की हो मॅडम, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, तुमचे गडी झोपतात, हे झोपत नाहीत. सरांनी लगेच चहा मागवला.

दुसरं अ‍ॅन्सिबल. हे यंत्रात काही बसवत नाही, बाहेरून आत जातं, सांगितलेली कामं करतं आणि निघून येतं. सर खूश झाले. हा गुरांचा डॉक्टर हाय, म्हणाले, येतो, सुई टोचतो, जातो, घरात मुक्काम नाही.

तिसरं व्हेग्रंट. त्यात एकेकट्या लॅपटॉपवर चटकन यंत्र उभं करता येतं आणि तितक्याच चटकन मोडता येतं. सरांनी त्याला जत्रेतला तंबू म्हटलं आणि मुलांना घरी सरावाला दिलं.

आणि चौथं ओपनटोफू. याची एक कथा होती. ज्या साधनातून हे निघालं, त्याच्या मालकांनी परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा जगभरच्या लोकांनी जुना खुला कोड घेऊन वेगळी शाखा काढली. हे ऐकून सरांचे डोळेच चमकले. गायरानाला कुंपण घातलं म्हणून गावानं दुसरं गायरान काढलं, असं ते सगळ्या स्टाफरूमला सांगत सुटले. त्यात टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, हे कळल्यावर तर त्यांनी ते साधन मनातल्या मनात घरातलंच करून टाकलं. आमच्याकडे जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. त्यांनी लगेच प्राचार्यांना अर्ज दिला की संगणक केंद्रात टोफू वापरायची परवानगी द्यावी. प्राचार्यांनी शेरा मारला, मेसच्या समितीकडे पाठवावे.

पण या साधनाचा खरा गुण वेगळाच होता. त्याला आपण एका फाईलमध्ये नुसतं लिहून द्यायचं की कळप कसा हवा. ते आत्ता कोणती यंत्रं आहेत याची आपल्याजवळची मोजदाद बघतं आणि काही करायच्या आधी पडद्यावर बेत मांडतं. हिरव्या ओळी म्हणजे ही यंत्रं जन्मणार, लाल ओळी म्हणजे ही मरणार. मग विचारतं, करू? नुसता वाय दाबून भागत नाही, पुरं येस लिहावं लागतं. सरांना हे फार आवडलं. "लग्नात नवरीनं मान हलवली तरी चालतंय," म्हणाले, "हितं पुरं तोंडानं बोलावं लागतंय."

शेवटी निकाल असा लागला की जन्माला घालायला टोफू आणि संगोपनाला अ‍ॅन्सिबल. मॅडम म्हणाल्या, एवढ्या बाजारातून शेवटी दोन दोन घेतलेत. सर म्हणाले, औत एका बैलानं चालतं का.

आणि याच सुमारास रुमाल आला.

बाजारात जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. भोवती उभ्या माणसांना काही कळत नाही. सरांच्या वडलांचा एक भागीदार होता. एकदा बैल घेताना रुमालाखाली भागीदारानं मूठ दाबली, म्हणजे नको. वडलांनी मानलं नाही, माझ्या डोळ्यांना बैल चांगला दिसतोय म्हणाले आणि घेतला. घरी आणला तर एका डोळ्यानं आंधळा. भागीदार त्याच्या आंधळ्या बाजूला उभा होता, वडील दुसऱ्या बाजूला. तेव्हापासून त्यांच्या घरात नियम पडला, रुमालाखालचा हात आपल्या डोळ्यांपेक्षा खरा मानायचा.

सरांनी तो नियम कॉलेजात आणला. टोफूनं बेत मांडला की तो सरांनी वाचायचा आणि मीही वाचायचा. मग सर खांद्यावरचा चौकडीचा रुमाल माझ्या हातावर टाकणार. मी एक बोट दाबलं तर येस. मूठ दाबली तर थांब. चारचौघांत साहेबाला चुकलात म्हणायला माणूस लाजतो, म्हणून ही सोय. माझ्यासारख्याला ती देवानंच धाडल्यासारखी होती. मी तोंड न उघडता किती तरी वेळा मूठ दाबली. सरांनी दर वेळी हात मागं घेतला, कधी कारण विचारलं नाही आणि कधी चिडले नाहीत. पोरांना वाटायचं, हे दोघं सर्व्हरपुढं पूजा करतात.

मग संस्थेच्या सचिवांनी संगणक केंद्र बाहेरच्या एका कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं. सर प्राचार्यांकडे गेले, सचिवांकडे गेले, हट्टानं एक संधी मागून आणली. समितीसमोर सगळी यंत्रं शून्यातून उभी करून दाखवायची, समितीचा चहा पिऊन होईपर्यंत. जमलं तर केंद्र सरांकडे राहणार, नाही तर कंत्राटदाराकडे जाणार आणि सर हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर. सरांना त्याची जराही भीती नव्हती. एरवी ते माझ्याशी यंत्रांबद्दल बोलायचे, त्या दिवसांत ते यंत्रांशी माझ्याबद्दल बोलायला लागले. गंगे, हा गडी हाय तवर आपल्याला कोन हलवतंय, असं मी दाराबाहेर खाकरायच्या बेतात असताना ऐकलेलं आहे.

समिती यायच्या आधी एकदा सचिवांनी मला व्हरांड्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, कंत्राटदाराला इथला कुणीतरी प्रमुख लागणारच आहे. तुमी किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली काढणार? एवढंच. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे काही बोललो नाही, आणि माझं काही न बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

त्या सकाळी सर उत्साहात होते. बाकी कळप आम्ही पुसून ठेवला होता, एकच यंत्र तेवढं जागेवर राहू दिलं होतं. लॉगिन सांभाळणारं यंत्र, सगळ्या मुलांची नावं आणि पासवर्ड ज्यावर होते ते, त्याचं नाव होतं गंगीची पाठ. तिच्यापासून आदल्या दिवशी पहिल्यांदाच एक नक्कल काढली होती. म्हणजे ती व्याली. सरांनी सकाळी उठून फाईलमध्ये तिचं नाव बदललं, चिमणी ठेवलं, आणि गुळाचा चहा समितीलाच पाजायचा असं कँटीनला कळवलं.

आता टोफूला पाठ आणि शेळी काय कळणार. त्याच्या मोजदादीत गंगीची पाठ होती, फाईलमध्ये ती नाही. चिमणी फाईलमध्ये आहे, मोजदादीत नाही. त्यानं सरळ हिशेब केला. जुनी मारायची, नवी कोरी जन्माला घालायची. ही तीच आहे, फक्त नाव बदललंय, असं सांगणारी एक छोटी ओळ लिहायची सोय त्यात आहे. मला ती माहीत होती. सरांनाही माहीत होती, पण त्यांना ती लिहायचा रागच यायचा. यंत्रानं अंगावरून ओळखायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एरवी ती ओळ मी गुपचूप लिहून टाकायचो. त्या दिवशी सकाळी फाईल माझ्याकडे आलीच नव्हती.

समिती बसली. सचिव मधल्या खुर्चीवर, प्राचार्य बाजूला, मॅडम मागे भिंतीला टेकून. सरांनी कळप म्हणजे काय यावर एक छोटं भाषण केलं आणि बेत मागवला. पडद्यावर हिरव्या ओळी धावत आल्या. सगळं हिरवंगार. आणि त्यात खाली एक लाल ओळ. गंगीची पाठ, नष्ट होणार.

सरांनी रुमाल माझ्या हातावर टाकला.

मी ती ओळ वाचली होती. दोनदा वाचली. मूठ दाबायची, दोन मिनिटं थांबायचं, मी ती एक ओळ लिहायची, एवढंच होतं. समिती चहाच पीत होती. मला त्या क्षणी सचिव आठवले असं म्हटलं तर ते अर्धं खरं होईल. दुसरं अर्धं सांगायला जास्त जड आहे. इतकी वर्षं मी मूठ दाबत होतो आणि वाहवा सरांची होत होती. एकदा तरी सगळ्यांसमोर सर चुकावेत, असं मला वाटलं.

मी एक बोट दाबलं.

सरांचा हात रुमालाखाली क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी येस लिहिलं.

यंत्रं धडाधड उभी राहिली. निवांतसुद्धा वेळेत आली. समितीनं टाळ्या वाजवल्या. पहिला लॉगिन सचिवांनी करायचा असं ठरलेलं, त्यांच्यासाठी खास खातं काढलेलं. त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. चुकीचा पासवर्ड. त्यांनी चष्मा पुसला. चुकीचा पासवर्ड. कॅप्स लॉक बघितला, एका बोटानं एकेक अक्षर दाबलं, शेवटी आपल्या पीएला बसवलं. प्राचार्य तेवढ्यात हळूच दाराबाहेर जाऊन खाकरून आले. त्यानंही काही झालं नाही. चिमणी उभी होती, पण नवजात होती. तिला जगातलं एकही नाव माहीत नव्हतं.

बॅकअप होता. दुसऱ्या दिवशी सगळं परत जागेवर आलं. समिती मात्र परत आली नाही.

मॅडमनी मला जिन्यात अडवून विचारलं, तुम्ही बेत वाचला नव्हता का? त्या दिवशी मी तोंड उघडलं. म्हणालो, "सरांनी घाई केली."

हे वाक्य कॉलेजभर फिरलं. सरांच्या कानावर गेलं असणारच. ते मला काही बोलले नाहीत. मी कंत्राटदाराच्या हाताखाली केंद्राचा प्रमुख झालो. सर हॉस्टेलच्या टाकीवर गेले. तिथं त्यांनी मोटर आपोआप चालू-बंद होईल अशी व्यवस्था केली, टाकीला बारव असं नाव दिलं आणि हॉस्टेलमधली पोरं टाकीजवळ जाताना खाकरायला लागली. मला पोरांनी हे हसत सांगितलं. मीही हसलो. मग केबिनमध्ये जाऊन दार लावून बसलो. माझ्या कळपाला आता नंबर होते.

सर निवृत्त होऊन चौसाळ्याजवळच्या वस्तीवर गेले. मी एकदाही गेलो नाही. परवा त्यांचाच फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि त्यांनी गावातल्या अभ्यासिकेतल्या पोरांसाठी एका जुन्या सर्व्हरवर पाच-सात यंत्रं उभी केलीत, त्यात बदल करायचाय, पोरांची परीक्षा तोंडावर आली आहे. "तू ये," म्हणाले, "बेत वाचून दाखव. दुसऱ्या कुनाला समजत न्हाई."

गेलो. सर ओसरीवर बसले होते, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. अंगणात शेळ्या होत्या आणि सरांच्या बायको, आमच्या वहिनी, त्यांना पाणी पाजत होत्या. ये ग बॅकअप, चल ग प्रॉक्सी, सरक ग राउटर, अशी हाक मारत होत्या. मी न हसता ओसरीवर चढलो, कारण हसलो असतो तर बोललोच नसतो.

लॅपटॉप उघडायच्या आधीच मी सांगून टाकलं. लाल ओळ वाचली होती. बोट मुद्दाम दाबलं. घाई केली म्हणून मीच पसरवलं. इतकं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती ओळ मी बी वाचलती."

मी विचारलं, मग येस का लिहिलंत?

"तू बोट दाबलंस." ते अगदी साधं असल्यासारखं म्हणाले. "म्हटलं, माझ्या बाजूनं आंधळी दिसतीया, याच्या बाजूनं धड दिसत असंल. आपलंच बघून थांबायचं असतं तर नियम कशाला केला असता रं?"

"सर, तुमी मला कधी विचारलं का नाही?"

"लई वाईट वाटलतं मला," ते म्हणाले. "टाकीवर जाताना मी लॅबवरून जात नव्हतो. मागून, संडासाच्या बाजूनं जायचो. विचारायला तोंड तुझ्याकडं वळवावं लागलं असतं."

बाहेर बॅकअप ओरडली. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "वाच आता. मोठ्यानं वाच. मला दिसत न्हाई."

मी बेत मागवला आणि वाचायला लागलो. हे यंत्र तयार होणार. हेही तयार होणार. याची मेमरी वाढणार. सर मान हलवत होते. आणि खाली लाल ओळ होती. अभ्यासिकेच्या पोरांची सगळी टिपणं ज्या यंत्रावर होती, ते नष्ट होणार. सरांनी ऑपरेशनला जायच्या आधी सवयीनं तिचंही नाव बदलून ठेवलं होतं. हा माणूस सुधारणारा नव्हता.

"सर," मी म्हणालो, "इथं चुकलंय तुमचं."

"काय? शेळ्यांच्या कालव्यात ऐकू येत न्हाई."

"चुकलंय," मी ओरडलो. "थांबा."

अंगणात वहिनी बादली तशीच हातात धरून जागच्या जागी थांबल्या. शेळ्याही थांबल्या. मग वहिनींनी ओसरीवर डोकावून घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

"कुनी गेलं न्हाई," सर म्हणाले. "याला पन्नाशीत कंठ फुटलाय."